नोंदवहीतले आठ

कॉलेजच्या मागे, भाट्याच्या खाडीकडे तोंड असलेल्या खोलीत
पत्र्याचा एक हौद होता, कमरेएवढ्या भिंतींचा.
फणसोपकर सर म्हणाले, तिकडे परदेशात मोठा केलाय,
आपण आपल्यापुरता करू.
दाणे हवे तेवढे, पाणी हवं तेवढं,
मांजर नाही, धामण नाही.
जागा मात्र आहे तेवढीच.

मी तिथला शिपाई. मोजायचं काम माझं.
गणपतीत नऊ सोडले.
शिमग्याला एकशेचाळीस,
पुढच्या गणपतीला दोनशे सतरा.
सर दारातूनच विचारत,
तांडेल, आजचा आकडा?
वासामुळे ते आत येत नसत.

आकड्यात न बसणारं मी घरी बायकोला सांगायचो.
एक आई पिल्लू तोंडात धरून निघायची
आणि अर्ध्या वाटेत
कशाला निघाले होते हे विसरल्यासारखी
ते तिथेच ठेवून द्यायची.
चार खाणी होती, पण सगळे एकाच खाणीवर,
एकमेकांच्या पाठीवर चढून.
आणि कोपऱ्यातले ते सात-आठ,
अंगावर ओरखडा नाही, शेपटी शाबूत,
दिवसभर नुसते मिशा साफ करणारे.
मी त्यांना नवरदेव म्हणायचो.
त्यांची वरात कधी निघाली नाही.

आता मी राहतो 'सागरदर्शन'मध्ये, चौथ्या मजल्यावर.
सागर दिसत नाही, समोर 'सागरदर्शन फेज टू' आहे.
मुलगा म्हणतो, बाबा, तुमचा तो हौद म्हणजे शहरच की हो.
त्याच्या मोबाईलवर कोणीतरी तसं समजावून सांगत असतं,
मागे पियानो वाजत असतो.

मला पटत नाही, आणि का ते नीट सांगता येत नाही.
मी वाढलो मिरकरवाड्यात.
आमच्या कौलांवरचं पाणी शेजारच्या पन्हळीतून जायचं,
आमच्या तारलीचा वास त्यांच्या उशीला.
भांडणं? रोज. पाण्यावरून, कोंबडीवरून, कशावरूनही.
पण ज्या रात्री 'अल-फजल' परत आली नाही
त्या रात्री सबंध गल्ली
झुलेखा वस्ताच्या ओट्यावर बसून होती.
ओटा असेल चार हातांचा.
किती माणसं मावली, कोणी मोजलं नाही.

आणि इथे?
छत्तीस फ्लॅट, बावीसांना कुलूप.
मालक दोह्यात, ठाण्यात, कुठे कुठे.
जिन्यात दिवसचे दिवस कोणी भेटत नाही.
तिसऱ्यावरचा पोरगा नोकरी सोडून घरात आहे दोन वर्षं.
दार किलकिलं झालं की दिसतो,
आरशासमोर, केस अगदी जागच्या जागी.
मी पटकन नजर वळवतो.
मिशा आठवतात.

म्हणजे गर्दी नव्हतीच का ती?
का एवढंच होतं, की त्या हौदात
कोणाला कोणाची वाट बघावी लागत नव्हती?
कोणी बाहेर गेलेलंच नव्हतं, तर परत कोण येणार?
मी दहावी नापास. सर असते तर विचारलं असतं.
सरांची बदली झाली, मग सरही गेले.

एक गोष्ट त्यांना सांगायची राहिली.
त्या गणपतीच्या विसर्जनादिवशी कॉलेज बंद होतं.
मी एकटा दाणे घालायला गेलो
आणि निघताना खराटा
हौदाच्या काठाला तिरका टेकवून ठेवला.
विसरलो असं म्हणता येईल असा.

सकाळी दोनदा मोजले.
दोनशे नऊ.
मला वाटलं होतं हौद रिकामा होईल
नाहीतर एकही हलणार नाही.
पण आठ.
नवरदेव सगळे जागेवर होते.
गेलेले कोण, ते मला ओळखता आलं नाही,
आजवर मी त्यांच्याकडे नीट बघितलंच नव्हतं.

खराटा जागेवर ठेवला.
नोंदवहीत लिहिलं, मृत, आठ.
खाली सही केली, तारीख घातली.

पुढे कधीतरी जेटीवर,
जाळ्यांच्या ढिगातून एक उंदीर सुटला,
काळा, पण पोटाशी पांढरा फटका.
दगड उचललेल्या पोराचा हात मी धरला.
तो म्हणाला, काका, सोडा की,
तुमचा काय सोयरा आहे?