अलअलान

पहिल्या दिवशी मी मजले मोजत होतो.
बावीस वर्षं मस्कतात लिफ्ट दुरुस्त करतोय, सवय जात नाही:
हा चढ चौदा मजल्यांचा,
ही घळ म्हणजे तळघर दोन.
पुढे खल्फान, पायात रबरी सपाता,
मध्ये त्याची गाढवीण, पाठीवर आमचं चार दिवसांचं पाणी,
मागे माझे चाळीस रियालचे बूट,
कुरकुरत.

जंगल कुठाय, मी विचारलं.
आमच्या देवरुखाकडे जंगल अंगावर येतं,
पायात वेली, पोटरीला जळू, आभाळ ठिगळाठिगळांनी.
इथं दगड. मग दगड.
मग एक झाड,
आणि हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर दुसरं.
"यही है," खल्फान म्हणाला, मुत्रहच्या बाजारात कमावलेल्या हिंदीत,
"ये लोग दूर दूर बैठता है.
पानी कम, इज्जत जास्ती."

अलअलान म्हणतात त्याला.
साल दोरखंडासारखी सुटलेली, फळं राखाडी-निळी,
बोट लावलं तर डिंक.
रुवीच्या हॉस्पिटलातली परपेतुआ सिस्टर
एका बुंध्याला हात लावून म्हणाली,
याची डावी बाजू गेलीय.

"गेली नाही. सोडली."
खल्फान गाढविणीचा पट्टा आवळत होता, वर न बघता.
पाऊस चुकला की झाड ठरवतं
कुठल्या फांदीला पाजायचं.
उरलेली वाळते, पण पडत नाही,
शंभर वर्षं तशीच
अंगाला चिकटून.

त्या रात्री पाणी बाटलीत गोठलं.
शेकोटीला त्याने फक्त पडलेलं लाकूड घेतलं,
उभं वाळलेलं नाही.
मी फोन काढला. रेंज नव्हती.
धाकट्या भावाचं नाव आहे त्यात, सात वर्षं,
ना पुसलेलं, ना लावलेलं.
वेलदोड्याचा कहवा फिरला, खजूर फिरले.
कोणी काही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी उतार.
खाली ऊन वाढलंय म्हणे, झाडं वर सरकतायत,
ज्यांना जमलं नाही ती पांढरी, उभी.
खल्फान त्यांनाही सलाम करत गेला.
पहिल्यांदा हसू आलं.
दहाव्या झाडापाशी माझाही हात
छातीकडे गेला.

रविवारी अल खुवैर. नववा आणि दहावा
यांच्या मध्ये अडकलेली लिफ्ट.
छतावर उभा राहून, बॅटरी दातात धरून,
दोर तपासले. ग्रीस पुसलं.
तेल, रॉकेल, साबण, सगळं लावून झालं,
तरी उजव्या अंगठ्याला
तो डिंक होताच.