अंगठा

ससून डॉकच्या शेडमध्ये मशीन म्हणालं,
ओळख पटली नाही.
पुसून ठेवला. पदराला घासून ठेवला.
ओळख पटली नाही.
एकवीस वर्षं कोळंबी सोलतेय,
बर्फानं, मिठानं, काट्यांनी
रेषा खाऊन टाकल्या.
अर्ध्या दिवसाची मजुरी गेली.

मग मनगटाला पट्टा आला.
बांगड्या वर सरकवा, म्हणाला सुपरवायझर.
हात थांबला की थरथरतो,
बाथरूमला गेलं की मिनिटं मोजतो.
पाळीत मी चारदा उठले,
ते कुठल्याशा पडद्यावर लाल झालं
आणि माझ्या पोराच्या वयाचा एकजण विचारून गेला,
"देवकाबाई, आज जास्त का?"

युनियनच्या माडीवर वकीलबाई कायदा वाचतात.
कलम, पोटकलम, खुलासा.
मी विचारते, ह्यात बाथरूमची कडी कुठे येते?
त्या चष्मा काढतात.
"खाजगीपणा ह्या शब्दात."
एवढ्या मोठ्या शब्दात
एवढीशी कडी सापडली म्हणजे मिळवली.

"पण तुम्ही संमती दिलीय,"
त्या कागद पुढे करतात.
खाली निळा डाग. माझाच.

मी बघत राहते.
बाई, हा तर तोच अंगठा
जो मशीनला ओळखू येत नाही.
मग ह्या कागदाला
कसा आला?

वकीलबाई हसत नाहीत.
पेनाचं टोपण काढून
समासात काहीतरी लिहायला लागतात.
सुट्टी होऊन दोन तास झालेत.
मनगटावर पट्टा थरथरतो,
हात थांबलेत म्हणून.

थरथरू दे.