बसून राहायचं

रात्री साडेदहाला गंगावेशीत
म्हशी ओळीनं उभ्या, धारा चालू,
आणि ग्लासातला फेस ओठाला लागेपर्यंत
आम्ही चौघं खेळांबद्दल बोलत असतो.

सुकुमार चौगुले उद्यमनगरात लेथवर.
त्याला खेळ सांगायला हात लागतात:
"उडी अशी न्हाई, अशी. बटण दाबून धरायचं,
फिनिशिंगच्या कटाला श्वास धरतोस बघ, तसं."
आमच्यात दुसरं कुणी लेथ चालवत नाही,
तरी आम्ही माना हलवतो.

दिग्विजयचं बी.एड. झालंय, नोकरी नाही.
कुठला खेळ कधी स्वस्त होणार
ते त्याला एकादशीसारखं पाठ.
"दिवाळीपर्यंत दम काढा वैनी, पाऊण किंमत उतरतीय."
"वैनी म्हणू नको," मी म्हणतो.

हो, म्हणतो. कोल्हापूरची बाई आहे मी.
आलो, गेलो, जेवलो, हरलो.
नवा खेळ सुरू करताना विचारतो, पुरुष की स्त्री,
तेव्हा माझं बोट जरा अधांतरी राहतं
आणि सुकुमार म्हणतो, "घोडा असला तर घोडाच घे की!"

इम्तियाज मुजावर कमी बोलतो.
पापाच्या तिकटीला गाद्या भरतो,
भुवयांत कापूस असतो त्याच्या.
एकदा ग्लास खाली ठेवून म्हणाला,
"एक हाय. समुद्राचा. मारामारी न्हाई.
तिसऱ्या दीपगृहापाशी एक म्हातारा बसल्याला असतोय.
'बोला' असं बटण येतंय. दाबायचं न्हाई.
शेजारी बसून राहायचं."
"किती वेळ?"
"राहायचं."
"गुण किती मिळत्यात?" सुकुमारनं विचारलं.
म्हैस हंबरली, सगळे हसले,
इम्तियाजही हसला.

मी सीपीआरला एक्स-रे काढतो.
दिवसाला शंभर छात्या.
श्वास घ्या. धरा. सोडा.
घरी आलो, फोन चार्जरला लावला,
पहिलं दीपगृह, दुसरं,
तिसऱ्यापाशी म्हातारा, पुढ्यात मासळीची पाटी.
बसलो.
'बोला', 'बोला', बटण लुकलुकत राहिलं, मग दमलं.
भरती आली. डबे घासले, येऊन बघितलं, तसाच.
ओहोटी लागली. उद्याची मटकी भिजत घातली.
पाऊण तास झाला असेल,
माझ्याकडं न बघता
त्यानं पाटी उचलून पलीकडं ठेवली
आणि थोडा सरकला.

एवढंच.
गुण नाहीत, वाजंत्री नाही, नवं होडकं नाही.

अंथरुणावर पडलो तेव्हा ध्यानात आलं,
हे कळलं कसं असेल याला?
पाऊण तास एका जागी
कुणी सहज बसत नाही.

मग ती पायरी आठवली,
आमच्याच वॉर्डाबाहेरची, तीन वर्षांमागची.
आत त्याचा बाप, ज्याची पांढरी पडलेली छाती
मीच काचेवर लावून डॉक्टरांना दाखवली होती.
आणि बाहेर हा, फोन हातात,
पडद्यावर निळं पाणी.
मी ट्रॉली ढकलत शेजारून गेलो
आणि मनात म्हणालो,
बघा, बाप आत हाय, आणि पोरगं गेम खेळतंय.

दुसऱ्या रात्री त्यानं विचारलं, "बघितला?"
"सरकला," मी म्हणालो.
त्यानं मान हलवली,
मिशीवरचा फेस बाहीनं पुसला.

"कोण सरकला? काय सरकला?" सुकुमार मधे.
"काय न्हाई. तू तुझी उडी सांग."
मग त्यानं ग्लास दिग्विजयच्या हातात दिला,
दोन्ही अंगठे वर धरले,
आणि गंगावेशीतल्या त्या ओल्या फरशीवर
पुन्हा पहिल्यापासून
दाबून धरलं, धरलं, धरलं.