टोपी धरणारा

अकरा वर्षं मी गोम्बोजावची टोपी धरून उभा राहिलो.
कुस्ती चालू, तोवर टोपी माझ्या हातात;
कुस्ती संपली की त्याच्या डोक्यावर.
तो गरुडासारखे हात पसरून झेंड्याभोवती फिरायचा,
हरलेला त्याच्या काखेखालून वाकून जायचा,
आणि मी रात्रीच्या मटणाचा विचार करायचो.
इतकी खात्री.

आमच्याकडे पाठ टेकावी लागत नाही.
गुडघा पुरतो. कोपर पुरतं.
गवताला एवढंसं शिवलं की झालं.
जुलैच्या नादाममध्ये, पाचव्या फेरीत,
गोम्बोजावचा उजवा गुडघा शिवला.
आवाजसुद्धा झाला नाही.
लांब कुठं एक घोडा फुरफुरला, तेवढंच.

पोरगा होता त्सेगमिद, तामिर नदीच्या पलीकडचा,
याक राखणारा, कानांवर उन्हानं सुटलेले पापुद्रे.
त्याला स्वतःलाच पटेना.
पंचांकडे असा बघत राहिला,
जसं काही घरातलं भांडं फुटलंय हातून.

मग रीत.
हरलेल्यानं अंगरख्याची नाडी सोडायची
आणि जिंकलेल्याच्या हाताखालून जायचं.
गोम्बोजावला गाठ सुटेना.
हरून ती कशी सोडतात, बोटं विसरली होती.
मी पुढं झालो, दातांनी सोडवली.

त्सेगमिद बुटका. गोम्बोजाव म्हणजे डोंगर.
पोरानं हात वर धरला,
मग टाचा उचलल्या,
चवड्यांवर लटपटत
हात आणखी वर नेला,
समोरच्याला फार वाकावं लागू नये म्हणून.
हे गर्दीतल्या कुणी पाहिलं नसेल.
मी पाहिलं. गोम्बोजावनंही पाहिलं असणार,
कारण तो हवं त्याहून खाली वाकला.

परतीच्या वाटेवर, ट्रकमध्ये, तो एकदाच बोलला:
"त्याच्या काखेला दह्याचा वास होता."
मग दोन ओढे ओलांडल्यावर,
"माझ्या काखेला कसला येत असेल रे?
तीनशे माणसं गेली खालून.
एकानंही सांगितलं नाही."

नमद्याच्या घराचं दार छातीएवढं.
तो बाहेर उभाच राहिला, चांदण्या निघेपर्यंत.
आतून यादमा ओरडली, चहा निवतोय.
तेव्हा वाकला, आत गेला,
रोज जातो तसा.
हे त्याला सांगावंसं वाटलं मला. सांगितलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले.
म्हणाला, जमीन ओली होती.
म्हणाला, पोरानं अंगाला लोणी चोपडलं होतं.
म्हणाला, पंच त्याच्या मामाच्या गावचा.
मी सगळ्याला हो म्हणालो.
जमीन कोरडी ठणठणीत होती.
एकदा त्यानं चुलीला लाथ मारली
आणि मग दिवसभर बसून
तिचं धुराडं स्वतःच सरळ केलं.
यादमा सांगते, गुडघ्यावरचा हिरवा डाग
त्यानं धुतला नाही, धुऊ दिला नाही.
चौथ्या दिवशी घोड्यांना पाणी पाजताना
नदीत उभा होता, तेव्हा आपोआप गेला.
त्याच्या लक्षातही आलं नाही.

आणि टोपी?
त्या गाठीच्या गोंधळात द्यायची राहून गेली.
त्यानं मागितली नाही.
माझ्या पेटीवर होती, जरा धूळ खात;
नातू तिच्यात शेळीच्या लेंड्या मोजायला बघायचा,
मी हाकलायचो.

काल सकाळी, बर्फ पडायच्या आधी, तो आला.
घोड्यावरून उतरला नाही.
दारातून पेटीकडं नजर टाकली, मग नदीकडं.
"पलीकडं याक विकायला काढलेत म्हणे," म्हणाला. "चल."
"तुला कशाला याक?"
"नकोच आहेत."

मी टोपी घेतली.
अजून हातातच आहे, एका हातात लगाम.
तो पुढं चाललाय, मान खाली,
सोबत वाळवलेल्या दह्याची पिशवी.
तामिरला पाणी कमी आहे या दिवसांत,
घोड्याच्या गुडघ्याएवढं.