डावा गार्ड

चार पूर्णांक अठ्ठावन्न सेकंद.
घड्याळ एवढंच बोललं, आणि टीव्हीवरच्या माणसाने
ट्रेमेन गिलियर्डला दुसऱ्या फेरीतून काढून
पाचवीत ठेवलं,
डागी पीच खालच्या टोपलीत जातं तसं.

चार वर्षं मी त्याच्यापुढे उभा राहिलो.
एकशे चाळीस किलो.
त्याची एकही धाव धड पाहिलेली नाही.
माझं तोंड कायम दुसऱ्याच्या छातीत.
कमरेला त्याचा हात लागायचा, हलकाच,
उघडं दार लोटावं तसा.
मग श्वास जवळून जायचा,
मग स्टेडियम उठायचं,
तेव्हा कळायचं, गेला.

त्यांनी त्याच्या तळहाताची वीत मोजली.
गुडघ्याचा एमआरआय उजेडाला धरला.
वडील कुठे असतात, विचारलं.
या जागेवरचे पाय सत्ताविशीत म्हातारे होतात.
तो बावीसचा आहे.

आज शनिवार. मिस अर्नेस्टीनच्या अंगणात
तळलेले मासे गार झालेत.
सहावी फेरी. फोन पालथा.
एकदा वाजला, आम्ही सगळे उभे:
दातांच्या दवाखान्याचा होता.
आधी तोच हसला.

मग म्हणाला, चल.
घरामागच्या गवतात मी सवयीने वाकलो,
बोटं मातीला.
समोर कोणी नाही, दोरीवर चादरी.
कमरेला हात लागला.
ढकलायला कोणी नव्हतं म्हणून
मी डोकं वर केलं.

चादरी चुकवून, वळून, तो परत येत होता,
आणि पळताना त्याची जीभ बाहेर असते,
गिरवायला बसलेल्या पोरासारखी.
मला कोणी सांगितलंच नव्हतं.