शेवटचं विशेषण

हाचिनोहे बंदरात दिवसभर माकुळं कापून
संध्याकाळी आम्ही विशेषणं जोडतो.
तोकिए-सान सांगते: ‘इ’ची शेपटी छाटा, ‘कुते’ लावा.
यासुइ, यासुकुते. स्वस्त, आणि…
काळ एकट्या शेवटच्या शब्दाने वाहायचा.
गेलेलं असेल तर तिथे ‘कत्ता’.
आधीच्यांना ना आज, ना काल.

थुई विचारते नवऱ्याबद्दल.

बाई फळ्याकडे वळते.
से गा ताकाकुते, उंच, आणि
कोए गा हिकुकुते, आवाज खालचा, आणि
यासाशिकुते, मायाळू, आणि

खडू थांबतो.
हीटरवर किटली खदखदते.

उरलेलं उद्या, म्हणते ती.
फळा न पुसताच दिवा घालवते.

जिन्यात, अंधारातच,
मी वहीत आधीच लिहून ठेवलेला ‘कत्ता’
खोडरबराने घासत राहतो.