काठीच्या टोकाला चिंधी

गल्ली इतकी अरुंद
की समोरून माणूस आला तर एकानं पायरीवर चढायचं.
ऋजुता म्हणाली, बाबा, ही चित्रकारांची गल्ली.
आधी खाली मासे खारवायचे, वर जाळी दुरुस्त करायची.
मग मासे सरले
आणि उत्तरेकडच्या खिडक्यांना नवे भाडेकरू मिळाले.
सेंट आइव्ह्जची ही सगळी हकिकत ती फोनवरून वाचत होती.
मी भिंतींचा वास घेत होतो.
ती म्हणते, दगडात अजून माशांचं तेल आहे.
मला जवसाचं आलं.
नाकाला जे ठाऊक, तेच ते आधी उचलतं.

मी गडहिंग्लजचा. चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या.
दूध सोसायटी, पिठाची गिरणी, दातांचे डॉक्टर.
‘उधार बंद आहे’ तर इतक्यांदा
की हात झोपेतही लिहील.
खाली कोपऱ्यात, बारीक: दिगंबर आर्ट्स.
मग फ्लेक्स आलं.
त्यावर मी जास्त बोलत नाही.

एका घरावर गोल पाटी होती,
अमुक चित्रकार इथे राहत होता म्हणून.
सवयीनं खालचा काठ पाहिला.
पाटी रंगवणाऱ्याचं नाव नव्हतं.
आणि ती इंग्रजी अक्षरं, सुटी सुटी,
जो तो आपल्या पायावर,
ओहोटीत वाळूवर राहिलेल्या होड्यांसारखी.
आमची अक्षरं टांगलेली असतात.
आधी दोरी. सुतळीला खडू चोळायचा,
दुसरं टोक सुमन धरायची,
ताणून टण्णकन सोडायची,
मग त्या रेघेवर एकेक अक्षर वाळत घालायचं.

एक दार उघडं होतं.
आत लव्हडे ट्रेगेन्झा, ऐंशीच्या पुढची,
कानामागे ब्रश, एप्रनला एप्रनचा रंग उरलेला नाही.
भिंतींवर समुद्र, समुद्र, आणखी समुद्र,
एकातही होडी नाही.
का, म्हणून विचारलं. ऋजुता दुभाषी.
होड्या माझा नवरा रंगवायचा, ती म्हणाली.
चित्रातल्या नव्हे. होड्याच.
नावं घालायचा, नंबर घालायचा,
आणि एकदा एका होडीचं नाव चुकवलं
ते मालकानं तसंच ठेवलं.

कोपऱ्यात त्याची काठी टेकून होती.
टोकाला चिंधीचा गोळा, वरून चामडं शिवलेलं.
मी सुमनच्या जुन्या पोलक्याचा बांधायचो,
मनगट टेकायला,
ओल्या रंगाला हात लागू नये म्हणून.

विचारलं नाही. उचलली.
डाव्या हातात काठी, तिच्यावर उजवं मनगट,
समोर नुसती हवा.
म्हातारी माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती, मनगटाकडे बघत होती.
मग एक फळी पुढे आली. निळ्याची डबी आली.

एकाहत्तर वर्षांचा हात.
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा काढायचाय.
फळी हलत होती,
तिचं दुसरं टोक लव्हडेनं धरलं.
शिरोरेघ मारली.
सरळ आली!
तिच्याखाली काय लिहायचं ते सुचेना.
त्याचं नाव विचारायचं राहिलं होतं,
ऋजुता पार्किंगची दहा मिनिटं उरली म्हणत होती.

लव्हडेनं फळी लांब धरली, एक डोळा मिटला,
काहीतरी म्हणाली.
क्षितिज म्हणतेय, बाबा. फार छान क्षितिज.
मी मान हलवली.
दहा मिनिटांत किती सांगणार.

बंदरावर एका पक्ष्यानं ऋजुताच्या हातातली
अर्धी पेस्टी नेली, ती हसली, मग चिडली.
गाडीत बसल्यावर तिला माझं नख दिसलं.
साबणानं जाईल, म्हणाली.
इनॅमल आहे, साबणाला दाद देत नाही,
हे मला माहीत आहे.
टर्पेंटाइन आण, असं मी तिला सांगितलेलं नाही.